जर्मनीत नोंदलेली गाडी दुसऱ्या देशातील खरेदीदाराला विकताना

जर्मनीत काही वर्षे काढलेल्या मराठी कुटुंबांवर गाडी विकण्याची वेळ बहुधा भारतात परतताना किंवा नोकरीनिमित्त दुसऱ्या युरोपीय देशात जाताना येते. दोन्ही वेळा घाई असते, आणि जाहिरात टाकल्यावर येणाऱ्या पहिल्या फोनांपैकी बरेचसे पोलंड, चेकिया, रोमानिया किंवा ऑस्ट्रियातून आलेल्या खरेदीदारांचे असतात. सीमेपलीकडे विक्री करणे कायदेशीर आहे, रोजचे आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र पैसे हाती आले म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, ही समजूत इथे महागात पडते. गाडीची मालकी आणि गाडीची नोंदणी हे दोन वेगळे धागे आहेत, आणि जोवर सरकारी नोंदवहीत धारक म्हणून आपले नाव आहे, तोवर त्या गाडीच्या करापासून दंडाच्या नोटिशीपर्यंत सगळे आपल्याच पत्त्यावर येत राहते. या लेखातील प्रत्येक पायरी त्या नावाच्या नोंदीभोवती फिरते.

महाराष्ट्रातील पद्धत डोक्यात असेल तर एक फरक आधी समजून घ्यावा. पुण्यात नोंदलेली गाडी कर्नाटकातल्या माणसाला विकायची झाली, तर आपण फॉर्म २८ भरून आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र घेतो आणि फॉर्म २९ व ३० ने हस्तांतर कळवतो. जर्मनीत परदेशी विक्रीसाठी असे ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही. इथे जुनी नोंदणी बंद केली जाते, मूळ कागद खरेदीदारासोबत जातात आणि नव्या देशातील कार्यालय त्या कागदांच्या आधारे नवी नोंदणी करते. त्यामुळे मूळ कागदांचे मोल आपल्याकडील आरसी बुकाहूनही अधिक आहे.

पहिली पायरी: कागद हाताशी आहेत का

जर्मन नोंदणीपत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग, ज्याला लोक अजूनही फारझॉयगशाइन म्हणतात, तो गाडी चालवताना जवळ ठेवायचा असतो. दुसरा भाग, म्हणजे लोकांच्या तोंडचा फारझॉयगब्रीफ, घरात सुरक्षित ठेवायचा असतो आणि विक्रीच्या वेळी तोच कळीचा कागद ठरतो. हे दोन भाग सध्याच्या स्वरूपात १ ऑक्टोबर २००५ पासून दिले जातात. दुसरा भाग ज्याच्या नावे आहे तोच कायद्याने मालक असतो असे नाही, आणि तसे त्या कागदावरच छापलेले असते. तरीही तो कागद दाखवू न शकणाऱ्या माणसाकडून कोणीही शहाणा खरेदीदार गाडी घेत नाही.

गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर दुसरा भाग बहुतेक वेळा बँकेच्या ताब्यात असतो. उरलेले कर्ज फेडून तो टपालाने घरी यायला वेळ लागतो, म्हणून जाहिरात देण्याच्या कितीतरी आधी बँकेला पत्र लिहावे. भाडेकरारावरील, म्हणजे लीजिंगची गाडी आपली नसतेच. ती लीजिंग कंपनीकडून आधी विकत घेतल्याशिवाय विकता येत नाही.

नोंदणीपत्रावरील रकाने परदेशात कसे वाचले जातील, ही शंका अनेकांना असते. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार सर्व सदस्य देशांच्या नोंदणीपत्रांवर समान सांकेतिक अक्षरे असतात: ए म्हणजे नोंदणी क्रमांक, बी म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख, ई म्हणजे सतरा अक्षरांचा चासी नंबर, पी.२ म्हणजे किलोवॅटमधील शक्ती, व्ही.७ म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन. पोलंडमधील कारकुनाला जर्मन येत नसले तरी ही अक्षरे त्याला कळतात. आपण स्वतः एक काम करावे: गाडीवर कोरलेला चासी नंबर दोन्ही कागदांवरील नंबराशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा, कारण नव्या देशात पहिली तपासणी त्याचीच होते.

तिसरा कागद म्हणजे सीओसी, अर्थात गाडी युरोपीय मान्यतेनुसार बनल्याचे उत्पादकाचे अनुरूपता प्रमाणपत्र. गाडी नवी घेताना तो मिळालेला असतो आणि नंतर कुठल्यातरी फाइलीत हरवतो. जर्मनीच्या आत विकताना त्याची कोणी विचारपूस करत नाही. परदेशी खरेदीदार मात्र हटकून विचारतो, कारण त्यावाचून त्याच्या देशातील तांत्रिक तपासणी लांबू शकते. हरवला असेल तर उत्पादकाकडून शुल्क भरून दुसरी प्रत मागवता येते. याशिवाय शेवटच्या ट्यूफ तपासणीचा, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या सक्तीच्या तांत्रिक तपासणीचा अहवाल, सर्व्हिसची नोंदवही आणि दुसरी किल्ली शोधून ठेवावी.

दुसरी पायरी: गाडी कराच्या नजरेत नवी तर नाही ना

हा मुद्दा थोड्याच लोकांना लागू होतो, पण ज्यांना होतो त्यांना तो आयत्या वेळी कळतो. खाजगी व्यक्तीने खाजगी व्यक्तीला जुनी गाडी विकली, तर संघातील दुसऱ्या देशात मूल्यवर्धित कर लागत नाही. पण गाडी पहिल्यांदा वापरात आल्यापासून सहा महिने व्हायच्या आत विकली, किंवा ती ६,००० किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसेल, तर युरोपीय कायदा तिला नवे वाहन मानतो. या दोहोंपैकी एक अट पुरी झाली तरी पुरेशी आहे. मग खरेदीदाराला त्याच्या देशात पूर्ण मूल्यवर्धित कर भरावा लागतो, आणि आपल्याला आपण भरलेल्या कराचा काही भाग परत मागण्याचा हक्क मिळतो. गाडी वर्षभर दारात उभी राहून जेमतेम पाच हजार किलोमीटर चालली असेल, तरी ती या व्याख्येत बसते. अशा वेळी सौदा ठरवण्याआधी कर सल्लागाराला भेटावे.

तिसरी पायरी: विक्रीकरार

इथे मी वाचकाला सावकाश जायला सांगेन, कारण पुढची बहुतेक भांडणे करारातील एखाद्या कोऱ्या रकान्यातून निघतात.

करार लेखी हवा, दोन प्रतींत हवा आणि दोन्हींवर दोघांच्या मूळ सह्या हव्यात. एडीएसी या वाहनधारकांच्या संस्थेचा नमुना करार विनामूल्य मिळतो आणि तो चांगला आहे. खरेदीदार परदेशी असेल तर दोन भाषांतला करार वापरावा, म्हणजे दोघांनाही आपण कशावर सही करतो आहोत ते कळते आणि त्याला त्याच्या देशात शपथबद्ध भाषांतरकाराकडे कमी खेपा घालाव्या लागतात. करारात दोघांची पूर्ण नावे, पत्ते, ओळखपत्रांचे क्रमांक, चासी नंबर, किलोमीटरचे रीडिंग, किंमत, दिलेले कागद, किल्ल्यांची संख्या आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहावी. वेळ तास-मिनिटांसह लिहावी. सकाळी अकराला दिलेल्या गाडीने दुपारी दोनला वेगमर्यादा मोडली, तर ती नोंद एवढाच आपला पुरावा असतो.

खाजगी विक्रेत्याला गाडीतील दोषांची जबाबदारी कराराने वगळता येते, आणि ती वगळणारे वाक्य करारात असलेच पाहिजे. पण ठाऊक असलेला दोष लपवला, तर जर्मन नागरी संहितेच्या कलम ४४४ नुसार त्या वाक्याचा आधार घेता येत नाही. म्हणून बंपर बदलला असेल, दार रंगवले असेल, गिअर कधीकधी अडकत असेल, तर ते करारात लिहून टाकावे. त्याने किंमत शंभर-दोनशे युरोने कमी झाली तरी चालेल. सातशे किलोमीटरवरून येणाऱ्या वकिलाच्या पत्रापेक्षा ते स्वस्त पडते.

आता दोन मागण्या, ज्यांना ठामपणे नाही म्हणावे. पहिली मागणी असते करारात किंमत कमी दाखवण्याची. पोलंडमध्ये बाहेरून आणलेल्या मोटारीवर अक्त्सिझा नावाचा उत्पादन कर लागतो; २,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या साध्या इंजिनाला ३.१ टक्के आणि त्यावरील इंजिनाला १८.६ टक्के, आणि तो किमतीवर मोजला जातो. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा खरेदीदार अर्धीच किंमत लिहायला का सांगतो, हे यावरून ध्यानात यावे. त्या कागदावर आपली सही असते, त्यामुळे करचुकवेगिरीत आपला सहभाग दिसतो. शिवाय उद्या सौदा मोडला, तर परत द्यायची रक्कम कोणती, यावरही वाद होतो.

दुसरी मागणी अधिक साधी भासते. समोरचा माणूस म्हणतो की खरेदीदाराचे नाव कोरे ठेवा, मी नंतर भरतो. पोलिश व्यापाऱ्यांत या प्रकाराला ‘उमोवा ना न्येम्त्सा’, म्हणजे जर्मन माणसाच्या नावावरचा करार, असेच म्हणतात. व्यापारी तुमच्याकडून गाडी घेतो, थोडी चकाकवतो, आपल्या देशात नफ्याने विकतो आणि शेवटच्या गिऱ्हाइकाचे नाव तुमच्या सहीच्या करारात भरतो. मधला व्यापारी कागदावर कुठेच उरत नाही. त्या गिऱ्हाइकाच्या लेखी, ज्याला तुम्ही कधी पाहिलेले नाही, विक्रेते तुम्हीच असता, आणि मीटर मागे फिरवल्याचे आढळले तर तक्रारही तुमच्याच नावाने होते. म्हणून समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र स्वतः पाहावे, त्याच व्यक्तीचे नाव आपल्या हाताने लिहावे, आणि ती दुसऱ्यासाठी खरेदी करत असेल तर लेखी अधिकारपत्राची प्रत करारास जोडावी. किलोमीटरच्या मीटरचा फोटो ताबा देण्याच्या दिवशी काढून ठेवावा.

चौथी पायरी: पैसे आणि दुसरा भाग

पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत नोंदणीपत्राचा दुसरा भाग द्यायचा नाही, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. इसार घेतला असेल तर त्याची पावती द्यावी, पण कागद आपल्याकडेच राहू द्यावेत. रोख घ्यायची असेल तर व्यवहार आपल्या बँकेच्या शाखेत करावा, म्हणजे नोटा तिथेच तपासून खात्यात जमा होतात. बँकेतून पाठवलेल्या पैशांच्या बाबतीत खरेदीदाराच्या मोबाइलवरील चित्रावर विश्वास ठेवू नये. आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम आपल्या डोळ्यांनी पाहावी. तात्काळ हस्तांतरणाची सोय दोन्ही बँकांकडे असेल तर रक्कम काही सेकंदांत दिसते. सौदा कामाच्या दिवशी सकाळी ठेवावा: बँक आणि नोंदणी कार्यालय दोन्ही उघडी असतात, आणि शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये उरकलेल्या सौद्यातल्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

पाचवी पायरी: नोंदणी बंद करणे

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. जर्मनीत नोंदणी चालू असलेली गाडी विकता येते; कार्यालयाला खरेदीदाराचे नाव-पत्ता तातडीने कळवले की कायद्याची अट पुरी होते, आणि गाडीचा विमाही विमा करार कायद्यातील कलम ९५ नुसार खरेदीदाराकडे जातो. खरेदीदार जर्मनीतच राहणारा असेल तर हे बऱ्याचदा सुरळीत पार पडते. पण तो परदेशी असेल, तर तो घरी पोहोचल्यावर नोंदणी बंद करून कागद पाठवेल, या आश्वासनाला काही आधार नसतो. वाटेत अपघात झाला तर नुकसानभरपाई आपल्या विमा करारातून जाते आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या नो क्लेम सवलतीवरून कटकट होऊ शकते.

माझ्या पहिल्या विक्रीत मी अशा शब्दावर विसंबलो होतो. माणूस नम्र होता, किंमतीत घासाघीसही त्याने फारशी केली नाही. पुढचे अडीच महिने गाडी माझ्या नावावर फिरत राहिली, दोन दंडाच्या नोटिसा घरी आल्या, आणि प्रत्येकीला कराराची प्रत जोडून उत्तर लिहिताना मला त्या तास-मिनिटांच्या नोंदीचे महत्त्व कळले.

नोंदणी बंद करण्यासाठी पहिला भाग आणि दोन्ही नंबर प्लेट घेऊन वाहन नोंदणी कार्यालयात, म्हणजे त्सुलासुंग्सश्टेलेमध्ये जावे. तिथे प्लेटवरील सरकारी शिक्के काढले जातात आणि कागदावर नोंद होते. १ जानेवारी २०१५ नंतर नोंदलेल्या गाडीसाठी हे काम घरबसल्याही होते. त्यासाठी पहिल्या भागावरील आणि प्लेटच्या शिक्क्यांखालील झाकलेले सुरक्षा संकेत खरवडून उघडावे लागतात. ऑनलाइन केल्यास मिळालेला निर्णय छापून खरेदीदाराला द्यावा, कारण त्याच्या देशातील कार्यालयाला नोंदणी बंद झाल्याचा कागद दिसावा लागतो. विमा कंपनीला आणि वाहनकर गोळा करणाऱ्या सीमाशुल्क खात्याला नोंदणी कार्यालय स्वतःच कळवते.

एक अडचण मात्र आधीच सोडवून ठेवावी. नोंदणी बंद झालेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी ठेवता येत नाही, अगदी घरासमोर रस्त्याच्या कडेलासुद्धा. स्वतःचे गॅरेज नसेल तर नोंदणी ताबा देण्याच्या दिवशीच, खरेदीदाराला सोबत घेऊन, बंद करावी.

सहावी पायरी: गाडी सीमेपार कशी जाणार

खरेदीदार ट्रेलर घेऊन आला असेल तर प्रश्नच मिटतो. गाडी चालवत न्यायची असेल तर त्याला निर्यात प्लेट लागते. या प्लेटच्या उजव्या कडेला लाल पट्टी असते आणि त्या पट्टीवर वैधता संपण्याची तारीख असते. ती मिळवण्यासाठी निर्यातीचा वेगळा विमा, आगाऊ भरलेला वाहनकर आणि चालू असलेली ट्यूफ तपासणी लागते. तपासणीची मुदत संपलेली असेल तर ती आधी करून घ्यावी लागते, हे किंमत ठरवतानाच बोलून घ्यावे. पिवळ्या पट्टीची पाच दिवसांची प्लेट स्वस्त आणि सोपी असते, पण ती मुळात जर्मनीतील वापरासाठी आहे आणि सर्व देश ती मानत नाहीत; सीमेपलीकडे पोलिसांनी अडवले तर गाडी तिथेच उभी राहू शकते.

निर्यात प्लेट आणि तिचा विमा दोन्ही खरेदीदाराच्या नावावर हवेत. जर्मनीत पत्ता नसलेल्या खरेदीदाराकडे कार्यालय इथला एक टपाल-प्रतिनिधी मागते, आणि खरेदीदार भोळेपणाने तुम्हालाच व्हा म्हणतो. नकार द्यावा, कारण होकार दिल्यास ज्या पत्रव्यवहारातून सुटण्यासाठी नोंदणी बंद केली, तोच परत आपल्या पेटीत येतो.

खरेदीदाराच्या बाजूने काय होते

ही कामे आपली नाहीत, पण ती ठाऊक असली तर कोणता कागद का मागितला जातो ते समजते. पोलंडमध्ये खाजगी व्यक्तीने आणलेल्या गाडीची नोंदणी ३० दिवसांत करायची असते आणि त्याआधी अक्त्सिझा भरावी लागते. ऑस्ट्रियात पहिल्या नोंदणीच्या वेळी नोव्हा हा इंधनवापर व उत्सर्जनावर बेतलेला कर पडतो, नेदरलँड्समध्ये बीपीएम हा तसाच नोंदणीच्या वेळचा कर, आणि फ्रान्समध्ये खरेदीदाराला आधी करखात्याकडून कितुस नावाचे कर भरल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नव्या देशातील कार्यालय जुने जर्मन कागद काढून घेते आणि दोन महिन्यांच्या आत जर्मनीला कळवते, असे त्याच १९९९ च्या निर्देशात आहे.

आपण जर्मनीबाहेर राहत असाल तर

तत्त्व तेच राहते, दारे मात्र बदलतात. फ्रान्समध्ये नंबर प्लेट गाडीसोबतच जाते. विक्रेत्याने कार्त ग्रीझवर, म्हणजे तिथल्या नोंदणीपत्रावर, आडवी रेघ मारून विक्रीची तारीख व वेळ लिहून सही करायची असते, गाडीवर बोजा नसल्याचे पंधरा दिवसांच्या आतील प्रमाणपत्र द्यायचे असते आणि विक्री पंधरा दिवसांत सरकारी संकेतस्थळावर कळवायची असते. नेदरलँड्समध्ये आरडीडब्ल्यू ही संस्था गाडीची निर्यात म्हणून नोंद करते; त्यासाठी नोंदणीचे कार्ड आणि त्यासोबत मिळालेला संकेत लागतो, म्हणून घर बदलताना तो संकेताचा कागद टाकून देऊ नये. ऑस्ट्रियात नोंदणी बंद करण्याचे काम विमा कंपन्यांच्या कार्यालयांत होते.

स्वित्झर्लंडचा खरेदीदार असेल तर गाडी युरोपीय संघाच्या बाहेर जाते आणि सीमाशुल्काची निर्यात घोषणा करावी लागते. जर्मनीतून जाताना गाडीची किंमत ३,००० युरोंपेक्षा जास्त असेल तर ही घोषणा सीमेवर पोहोचण्याआधी आतील सीमाशुल्क कार्यालयात करायची असते. ती कोण करणार, हे करारात लिहावे. तिकडे खरेदीदाराला ४ टक्के वाहनकर आणि मूल्यवर्धित कर भरावा लागतो. ब्रिटनही १ जानेवारी २०२१ पासून याच बाहेरच्या गटात आहे.

गाडी गेल्यानंतर

रस्त्याच्या टोलसाठी खात्याला जोडलेला गाडीचा क्रमांक काढून टाकावा, ऑस्ट्रियाचा डिजिटल टोल-पास त्या क्रमांकाशी बांधलेला असतो हे लक्षात ठेवावे, आणि मोबाइलवरील उत्पादकाच्या ॲपमधून गाडी वेगळी करावी. नाहीतर नव्या मालकाच्या फेऱ्या आपल्या फोनवर दिसत राहतात आणि आपले साठवलेले पत्ते त्याच्या पडद्यावर. विमा कंपनीकडून नो क्लेम सवलतीचा दाखला मागून घ्यावा.

भारतात परतणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. उरलेला वाहनकर आणि विम्याचा हप्ता काही आठवड्यांनी बँक खात्यात परत येतो, म्हणून गाडीचे काम झाले की लगेच जर्मन खाते बंद करू नये. टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय किमान सहा महिन्यांसाठी घेता येते. ती घ्यावी किंवा विश्वासू मित्राचा पत्ता द्यावा. कराराची मूळ प्रत, नोंदणी बंद झाल्याचा कागद आणि मीटरचा फोटो एकत्र ठेवावेत, आणि ते सामानाच्या कंटेनरमध्ये न घालता हातातील पिशवीत न्यावेत. नागरी दाव्यांची सर्वसाधारण मुदत जर्मनीत तीन वर्षे आहे आणि ती विक्रीचे वर्ष संपल्यावर मोजायला लागते, तेव्हा २०२५ च्या मार्चमध्ये विकलेल्या गाडीचे कागद २०२८ च्या डिसेंबरअखेरपर्यंत जपून ठेवावेत.